दर हजारी पाच

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाकडे बघण्याची समाजाची एक ठरावीक दृष्टी असते. डॉक्टर भेटला की लोक जीभ बाहेर काढतात, ज्योतिषी भेटला की हात पुढे करतात आणि बँकेतला कारकून भेटला की वही. सोसायटीच्या गणपतीचा जमाखर्च, मेव्हण्याच्या लग्नात आलेली आहेराची पाकिटं, सहलीत कोणी किती चहा प्यायले याचं त्रैराशिक, ही सगळी कामं मी गेली वीस वर्षं विनावेतन करत आलो आहे. मी बी.कॉम. आहे, एवढंच माझं चुकलं. वास्तविक बँकेत मी दिवसभर जे करतो त्यात हिशेब असा नसतोच. हिशेब मशीन करतं. 'सर्व्हर डाऊन आहे' हे वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना वेगवेगळ्या आवाजांत सांगणं, हे माझं काम.

आणि कारकून हा शब्दसुद्धा आता राहिला नाही. मार्च २०२४ मध्ये झालेल्या वेतन करारात आम्हा तमाम कारकुनांचं 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' झालं. सकाळी कारकून म्हणून डबा घेऊन निघालेला माणूस संध्याकाळी असोसिएट होऊन परतला. टेबल तेच, खुर्ची तीच, खुर्चीचा मोडलेला हातही तोच. सौ.ला मी ही बातमी जरा ताठ मानेनं सांगितली. ती म्हणाली, "बरं झालं. दूध आणलंत का?"

हे नामांतराचं प्रकरण मुद्दाम सांगतोय. पुढे ते शाळेच्या लायब्ररीलाही भोवणार आहे.

आम्ही राहतो पिंपळे सौदागरला. हा पत्ता पाहुण्यांना सांगणं हे एक स्वतंत्र काम आहे, कारण पिंपळे तीन आहेत: सौदागर, गुरव आणि निलख. रिक्षावाल्याला नुसतं 'पिंपळे' म्हणालात तर तो त्याच्या सोयीचं पिंपळे निवडतो. इथे पूर्वी शेतं होती असं जुने लोक सांगतात. आता शिवार चौक आहे, शिवार नाही. कोकणे चौकात उभं राहून डोळे मिटून दगड मारला तर तो एकतर शाळेच्या बसवर पडेल, नाहीतर आयटीतल्या माणसावर. त्यातून २०१७ साली पिंपरी-चिंचवडची स्मार्ट सिटी निघाली तेव्हा आधी स्मार्ट करायच्या भागात पिंपळे गुरवबरोबर आमच्या सौदागरची निवड झाली. तेव्हापासून इथे काही ना काही सतत स्मार्ट होत असतं. रस्ते झाले, फुटपाथ झाले, बागा झाल्या. कन्येच्या शाळेतली लायब्ररीच काय ती मागे राहिली होती.

पालकसभेत मुख्याध्यापिकाबाईंनी पडद्यावर रंगीत चित्रं दाखवली. लायब्ररी आता लायब्ररी राहणार नाही, 'लर्निंग रिसोर्स सेंटर' होणार. कपाटं जाऊन उघडी शेल्फं येणार, बाकं जाऊन पोती येणार. (त्या पोत्यांना बीन बॅग म्हणतात आणि ती धान्याच्या पोत्यापेक्षा महाग असतात, हे नंतर कळलं.) प्रत्येक पुस्तकाला बारकोड लागणार. लायब्ररीच्या बाई 'रिसोर्स फॅसिलिटेटर' होणार. मागच्या रांगेत भिंतीला टेकून एक पन्नाशी उलटलेल्या बाई उभ्या होत्या. आपलं बारसं होत असताना बाळाचा चेहरा जसा असतो, तसा त्यांचा होता.

"मात्र त्याआधी," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "जुन्या पुस्तकांची मोजदाद करून रजिस्टर जुळवायला हवं. पालकांपैकी कोणी बँकेत, अकाउंट्समध्ये..."

माझा हात वर गेला. म्हणजे हात माझा होता, वर सौ.नं केला.

मला शाळेच्या लायब्ररीबद्दल फारसं ममत्व असण्याचं कारण नव्हतं. मी शिकलो पिंपरीत, कारखान्यांच्या भोंग्यावर घड्याळ लावणाऱ्या वस्तीतल्या एका शाळेत. आमची लायब्ररी म्हणजे मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेरचं एक लोखंडी कपाट. त्याची किल्ली पी.टी.च्या सरांकडे असे, आणि सर मैदानावर असत. वर्षातून दोनदा, बहुधा इन्स्पेक्शनच्या आधी, ते कपाट उघडे. मग सर हजेरी क्रमांकाप्रमाणे पुस्तकं वाटत. पहिल्या क्रमांकाला पहिलं पुस्तक, दुसऱ्याला दुसरं. रामाला काय आवडतं, गोविंदाला काय झेपतं, असली भानगड नाही. माझा क्रमांक सत्तावीस. सत्तावीस क्रमांकाचं पुस्तक शेळीपालनावर होतं. पाचवीत मी ते वाचलं, सहावीत पुन्हा वाचलं. सातवीत एक मुलगा शाळा सोडून गेला, माझा क्रमांक सव्वीस झाला आणि मला शिवाजीमहाराजांवरचं पुस्तक मिळणार म्हणून मी हरखलो. पण त्याच वर्षी कपाटातलं एक पुस्तक वाळवीनं खाल्लं, सगळी रांग एकनं पुढे सरकली आणि शेळी पुन्हा माझ्याकडे आली. आज आमच्या शाखेत शेळीपालनाच्या कर्जाचा अर्ज आला की मॅनेजर तो माझ्याकडे पाठवतात. उस्मानाबादी शेळीबद्दल मी अधिकारवाणीनं बोलतो. माझ्या शालेय वाचनाचं फलित ते एवढंच.

तर अशी पार्श्वभूमी घेऊन एप्रिल २०२५ मधल्या दुसऱ्या शनिवारी मी लायब्ररीत हजर झालो. बाईंनी माझ्यासाठी टेबल पुसून ठेवलं होतं, लाल आणि निळं अशी दोन पेनं ठेवली होती आणि दाखल नोंदवहीचे चार जाडजूड खंड मांडले होते. लेजर बघून मला भरून आलं. बँकेत आता असं काही बघायला मिळत नाही. दाखल क्रमांक, तारीख, लेखक, नाव, प्रकाशक, किंमत, शेरा. एकसारखं वळणदार अक्षर, एकही खाडाखोड नाही. मी विचारलं, "हे सगळं तुम्ही लिहिलंत?"

"पहिल्या पानापासून. शाळा निघाली तेव्हापासून आहे मी. त्याआधी एका अनुदानित शाळेत अर्धवेळ ग्रंथपाल होते."

"अर्धवेळ म्हणजे?"

"म्हणजे पगार अर्धा. पुस्तकं अख्खीच लावावी लागतात."

काम करता करता बाई बोलत होत्या. त्यांनी सगळे अवतार पाहिले होते. आधी कार्डांचे खण: एका पुस्तकाची तीन कार्डं, लेखकाचं, नावाचं, विषयाचं. मग संगणक आला, पण तो आठवड्यातून चार दिवस फीचा हिशेब करायला ऑफिसात जाई. मग सीडी आल्या. बाईंनी एक कपाट उघडून दाखवलं. आख्खे ज्ञानकोश चकत्यांवर चमकत होते आणि त्या वाचणारं एकही यंत्र आता शाळेत नव्हतं. मग टॅब्लेट आले. वीस आले, त्यांतले सतरा चार्ज होतात. शिवाय कोणी शिक्षक रजेवर गेले की तो वर्ग लायब्ररीत, ओळखपत्रं लॅमिनेट करायची लायब्ररीत, आणि स्नेहसंमेलनातले मावळ्यांचे फेटेही तिथेच, इतिहासाच्या शेल्फाखाली.

मी म्हणालो, "या सततच्या बदलाचा त्रास नाही होत?"

"रंगनाथनांचा पाचवा नियम आहे ना. ग्रंथालय ही वाढती संस्था आहे. वाढत्या पोराचे कपडे बदलायचेच."

मी मान डोलावली. बँकेतल्या माणसाला रंगनाथन माहीत नसले तरी रंगराजन चांगले माहीत असतात. बँकांत यंत्रं आणायचा अहवाल १९८४ साली त्यांच्याच समितीनं दिला, आणि आमच्या जुन्या युनियनवाल्यांनी त्यांच्या नावानं घसे बसवून घेतले होते. म्हणून मी सहानुभूतीनं म्हणालो, "हो, रंगराजनांनी आम्हालाही सोडलं नाही."

बाईंनी माझी चूक जेवढ्या हळुवारपणे दुरुस्त केली तेवढ्या हळुवारपणे आमच्याकडे कोणी चेकवरची तारीखसुद्धा दुरुस्त करत नाही. शियाळी रामामृत रंगनाथन हे मुळात गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि थोड्याच दिवसांत कंटाळून 'मला परत शिकवायला पाठवा' म्हणू लागले. विद्यापीठानं त्यांना आधी लंडनला धाडलं. तिथली ग्रंथालयं बघून आले आणि मग जन्मभर त्या कामातून उठले नाहीत. १९३१ साली त्यांनी पाच नियम मांडले. पुस्तकं वापरण्यासाठी आहेत, हा पहिला. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, वाचकाचा वेळ वाचवा, आणि पाचवा तो वाढत्या पोराचा. हे पाचही नियम बाईंनी स्वतः पुठ्ठ्यावर लिहून दारावर लावले होते. सजावटकारानं ते रंगसंगतीत बसत नाहीत म्हणून उतरवले. पुठ्ठा आता फेट्यांच्या पेटीवर झाकण म्हणून होता.

दुसरा नियम ऐकून मला माझी शेळी आठवली. मी बाईंना ती कथा सांगितली. त्या हसल्या नाहीत. "सहाशे छत्तीस पूर्णांक एकोणचाळीस," म्हणाल्या.

"काय?"

"ड्यूईच्या पद्धतीत शेळीचा क्रमांक. ६३६.३९." मेल्व्हिल ड्यूई नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी १८७६ साली जगातल्या सगळ्या ज्ञानाचे दहा वाटे घातले, त्यात शेळीलाही दशांश चिन्हानंतरची का होईना जागा मिळाली. मराठी साहित्याला ८९१.४६. "पुस्तक वाईट नव्हतं हो," बाई म्हणाल्या. "फक्त चुकीच्या मुलाकडे गेलं होतं. शेळी असलेल्या घरातल्या पोरानं ते फाटेपर्यंत वाचलं असतं."

बाई यंत्राच्या विरोधात आहेत अशी माझी आधी समजूत होती. तसलं काही नव्हतं. मुदत संपलेल्या पुस्तकांची यादी करायला त्यांना पूर्वी दोन दिवस लागत, आता दोन मिनिटं लागणार, म्हणून त्या खूश होत्या. बीन बॅगवर पोरं झोपतात अशी एका शिक्षकांनी तक्रार केली, तेव्हा बाई म्हणाल्या, "झोपू देत. पुस्तकापाशी झोपतात." सजावटकारानं सगळी पुस्तकं विषय सोडून रंगाप्रमाणे लावून ठेवली, एका शेल्फावर सगळी लाल, एकावर सगळी हिरवी, तेव्हा मला वाटलं आता भडका उडणार. बाईंनी आठवडाभर नुसतं पाहिलं. मग सगळी पुन्हा क्रमवार लावली, पण पहिली-दुसरीच्या उंचीचं एक शेल्फ तसंच रंगीत ठेवलं. "लहान मुलं पुस्तक रंगावरूनच मागतात. 'ते निळं द्या.' तो पोरगा अगदीच चुकला नव्हता."

त्यांना हळहळ एकाच गोष्टीची होती. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखांची आणि नावांची चिठ्ठी असते ना, ती आता जाणार. "आपल्या आधी कोणी वाचलं ते मुलं बघतात. आठवीतला एक मुलगा वर्षभर एका मुलीनं वाचलेली पुस्तकं ओळीनं नेत होता. सगळी कविता! त्याला काय कळत होतं देव जाणे. पण वर्षाअखेर त्याला त्यातल्या दोन आवडल्या होत्या." संगणकाला हे सगळं माहीत असतं, पण तो कोणाला सांगत नाही. त्या बाबतीत तो आमच्या बँकेसारखा आहे.

बँकेतही असंच काहीतरी गेलं होतं. आमच्या शाखेत कोअर बँकिंग आलं तेव्हा मी नवा होतो. आमचे हेड कॅशियर माणसाला पावलांच्या आवाजावरून ओळखत आणि तो काउंटरला पोचेपर्यंत त्याचं लेजर उघडून ठेवत. नव्या पद्धतीत त्यांनी एका जुन्या म्हाताऱ्या पेन्शनर बाईंना पहिल्यांदा विचारलं, "ग्राहक क्रमांक?" आजींनी मागे वळून बघितलं, कोणाशी बोलतायत म्हणून. यंत्रामुळे रांग लहान झाली, हे खरंच आहे. पण हेड कॅशियरांनी त्यानंतर वर्षभरात स्वेच्छानिवृत्ती घेतली.

असो. दोन शनिवार, एक रविवार आणि माझी एक किरकोळ रजा खर्ची पडून मोजदाद संपली. नोंदवहीत ६,४१२ पुस्तकं. फाटून, भिजून बाद झालेली आणि तशी रीतसर नोंद असलेली ३१८. म्हणजे कपाटात हवीत ६,०९४. होती ५,९५१. तूट १४३.

बँकेत एकशे त्रेचाळीस पैशांचा फरक आला तरी शाखेत चहा बंद होतो. मी पुन्हा मोजली. १४३. मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी शांतपणे खणातून एक दोनशे पानी वही काढली.

मार्च २०२० च्या मध्याला पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधल्या शाळा बंद करायचा हुकूम निघाला, ते आठवत असेल. आधी सगळ्यांना वाटलं, पंधरा दिवसांचा प्रश्न आहे. दुसऱ्या दिवशी पालक मुलांच्या वह्या न्यायला आले, मुलंही बरोबर होती. संगणक नेमका ऑफिसात. बाईंनी लायब्ररीचं दार उघडलं आणि सांगितलं, हातात मावतील तेवढी घेऊन जा.

"मला काय माहीत होतं किती दिवस ते," बाई म्हणाल्या. "पण घरात बसायचंय म्हटल्यावर कपाटात कुलूप लावून ठेवायची कशासाठी? सयाजीराव महाराजांनी १९१० साली बोर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल आणला बडोद्यात. त्यांच्या फिरत्या लायब्ररीच्या पेट्या खेडोपाडी जायच्या. परत येतील का, म्हणून त्या पेट्या कोणी दाबून ठेवल्या नाहीत."

नोंदी होत्या, पण कशा! रांग मोठी, बाई एकट्या. '५ ब, उंच, चष्मा, चार. एक माकडाचं.' '३ अ, दोघी बहिणी, सात.' 'रडणारा मुलगा, डायनोसॉर, दोन भाग.' एवढ्यावर हजाराच्या घरात पुस्तकं बाहेर गेली होती. शाळा पुन्हा सुरू झाल्यावर बहुतेक परत आली. १४३ आली नाहीत. काही घरं भाडं परवडेना म्हणून गावी गेली, काहींनी शाळा बदलली, काही घरांत काय झालं ते विचारायची बाईंना हिंमत झाली नाही.

मी पानं उलटत होतो. पाचव्या पानावर होतं: '२ ब, दात पडलेला, आजी बाहेर रिक्षात. चार. हत्ती.'

२०२० साली माझी कन्या दुसरी ब मध्ये होती. तिचा पुढचा दात पडला होता. रिक्षात माझी आई बसली होती.

घरी जाऊन स्टूल घेतलं आणि माळा उपसला. जुन्या कुकरच्या खोक्यात चारही पुस्तकं निघाली, शाळेच्या शिक्क्यासकट. तपास अधिकाऱ्याच्याच घरात मुद्देमाल!

त्या वर्षी बँका बंद नव्हत्या. मी रोज शाखेत जायचो आणि घरात चौऱ्याहत्तर वर्षांची दमेकरी आई. त्यामुळे घरी आलो की आंघोळ करून थेट आतल्या खोलीत, ताट दाराशी. कन्येला रात्री गोष्ट लागायची. मग मी दाराच्या आत बसून वाचायचो आणि ती बाहेर पाठ टेकून ऐकायची. एकदा खोलीत गेलेलं पुस्तक बाहेर द्यायचं नाही, असा सौ.चा दंडक. म्हणजे पुस्तक माझ्याकडे आणि श्रोते दारापलीकडे. ती विचारायची, "बाबा, चित्रात काय आहे?" मी सांगायचो, हत्ती आहे. "हत्तीनं काय घातलंय?" दिवसभर काचेआडून ओरडून मी थकलेला असायचो. एकदा म्हणालो, टोपी. मग रोज त्या टोपीची चौकशी. कोणत्या रंगाची, गोंडा आहे का, सोंडेला लागत नाही का. मी दर रात्री त्या टोपीत भर घालत गेलो. आई बाहेरच्या खोलीतून म्हणायची, "अरे, हळू वाच, मलाही ऐकू दे."

पुढे निर्बंध उठले. कन्येच्या हातात पुस्तक आलं आणि हत्तीच्या डोक्यावर काहीही नव्हतं. "तू खोटं वाचलंस," असं म्हणून तिनं माझ्याशी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी निळ्या बॉलपेननं हत्तीला टोपी काढली. गोंड्यासकट. तेव्हा ती तिसरीत गेली होती. आई त्यानंतर वर्षभरात गेली. दम्यानंच, दुसरं काही नाही. पुस्तकं कधी माळ्यावर गेली ते कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

कमिटीची सभा पुढच्या आठवड्यात होती. माझ्या अहवालातला आकडा ऐकून एक विश्वस्त चष्मा काढून म्हणाले, "नोंदवहीतल्या किमतीनं सतरा हजार एकशे साठ रुपये होतात. बाई पुढच्या वर्षी निवृत्त होतायत. त्यांच्या देण्यातून वळते करता येतील. नियम म्हणजे नियम."

बाई काही बोलल्या नाहीत. पण नियम हा शब्द उच्चारून त्या गृहस्थांनी चूक केली होती. नियमांच्या बाबतीत बँकेच्या कारकुनाला डिवचू नये. मी दोन रात्री जागून केंद्र सरकारची २०१७ सालची सामान्य वित्तीय नियमावली वाचली होती. (सौ.ला वाटलं, मी प्रमोशनच्या परीक्षेला बसतोय. तिनं दोन्ही रात्री दूध दिलं.) त्यातला नियम २१५ काढून मी वाचून दाखवला: वर्षभरात दिल्या-घेतल्या गेलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तकं हरवणं वाजवी मानावं, अट एवढीच, की त्यात अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसावा. एक हजार रुपयांवरचं पुस्तक किंवा दुर्मिळ पुस्तक गेलं तर मात्र चौकशी.

तुम्हाला म्हणून सांगतो, हा नियम वाचून माझे डोळे पाणावले होते. हजारी पाच! आमच्याकडे हजारी पाच कमी आले तर आधी खिसे तपासतात. आणि इथे दिल्लीतल्या कुठल्यातरी फायलीत, वित्त मंत्रालयातल्या कुणा रुक्ष माणसानं कबूल करून ठेवलंय, की पुस्तकं वापरली तर थोडी हरवणारच.

मी फळ्यावर गणित मांडलं. मुलं नऊशे, आठवड्याला एक पुस्तक, कामाचे आठवडे पस्तीस. वर्षाला ३१,५०० देवघेवी. हजारी पाच म्हणजे १५७. तूट १४३. "उलट आपली चौदा पुस्तकं हरवायची राहिलीयेत," मी म्हणालो.

"पण हा नियम सरकारी कार्यालयांचा," विश्वस्त म्हणाले. "आपल्याला लागू नाही." मलाही ते माहीत होतं. शिवाय बाईंच्या रजिस्टरातली 'रडणारा मुलगा' ही नोंद निष्काळजीपणात बसते की नाही यावर वकिलांनी वर्षभर वाद घातला असता. तेव्हा मी पिशवीतून चार पुस्तकं काढून टेबलावर ठेवली.

"१४३ नाही, १३९," मी म्हणालो. "ही चार माझ्या घरी होती. वळते करायचे तर पाच वर्षांचा दंड माझ्याकडून सुरू करा. यातल्या एका पुस्तकाचं आम्ही नुकसानही केलंय, पान सात."

बाईंनी पान सात उघडलं. बराच वेळ त्या टोपीकडे बघत राहिल्या. मग कमिटीतल्या एक पालक बाई, ज्यांचं तोपर्यंत कशातच लक्ष नव्हतं, हळूच म्हणाल्या, "आमच्याकडे पण डायनोसॉरचे दोन आहेत बहुतेक."

ठरलं ते असं, की शाळेच्या फाटकाशी एक पेटी ठेवायची. नाव नाही, दंड नाही, प्रश्न नाही. पेटी फेट्यांचीच घेतली, आणि बाईंचा पाच नियमांचा पुठ्ठा तिच्यावर आयताच होता. मे महिन्याच्या सुट्टीतही ती भरत राहिली. शाळा सुटून गेलेल्या मुलांच्या आज्या येऊन पुस्तकं टाकून गेल्या. एक पार्सल नांदेडहून आलं, त्यात एक पुस्तक आणि चिवड्याचं पाकीट. १३९ पैकी ९६ परत आली.

पण हिशेब जुळला असं समजू नका. पेटीत आणखी एकतीस पुस्तकं निघाली, जी आमची नव्हतीच. दोन दुसऱ्या शाळांची, एक पुण्याच्या एका कॉलेजचं, एक पंचांग, तीन पाककृती. बँकेत तूट आली तर माणूस झोपत नाही आणि जादा आली तर जेवतही नाही. मी बाईंना म्हणालो, "हे कुठल्या खात्यात घालायचं?" बाईंनी ज्यांची होती त्यांना तीन पोस्टानं पाठवली आणि बाकीची 'भेट' म्हणून दाखल केली. नव्या संगणक-पद्धतीचं नाव कोहा आहे. २००० साली न्यूझीलंडमध्ये सुरू झालेली, फुकट मिळणारी. कोहा हा तिथल्या माओरींचा शब्द. त्याचा अर्थ भेट, पण अशी, की जिची कधीतरी परतफेड करायची असते. म्हणजे आपला आहेर. आहेराचा हिशेब मला पाठ आहे.

जूनमध्ये बारकोड लागले. कन्या आणि तिच्या चार मैत्रिणी चिकटवायला होत्या. प्रत्येक पुस्तकापुढे संगणकात 'स्थिती' असा रकाना असतो. हत्तीच्या पुस्तकाला बाईंनी लिहिलं: 'चांगली. पान ७ वर हत्तीला टोपी आहे, ती पुसू नये.' दारावर नवी पाटी लागली आहे. पण मुलं अजून 'लायब्ररीत जाऊ का?' असंच विचारतात, आणि बाईंना फॅसिलिटेटर म्हणण्याचा प्रयत्न एकाच मुलानं केला, तोही जीभ अडखळून.

परवा बँकेत ऐन गर्दीच्या वेळी फोन वाजला. शाळेचा नंबर. कन्येला लागलं-बिगलं की काय म्हणून मी काउंटर सोडून उठलो.

"सातवी बचे बाबा ना?" बाईंचा आवाज.

"आता आठवी ब."

"हो, आठवी. त्या एकतीसमध्ये ६३६.३९ चं एक निघालं. पालकांना पुस्तक द्यायची सोय कोहात नव्हती, मी करून घेतली. तुमच्या नावावर केलंय, संध्याकाळी घेऊन जा. सात दिवस मुदत. नंतर रोज एक रुपया."